सूर्यावरून सुटलेले कण आपल्यापर्यंत कुठल्या वाटेने येतात?

उत्तरायण (धागाकर्ता)

११ मे २०२४ ची सकाळ. आदल्या रात्री लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल उजेड दिसला होता आणि फोनवर त्याचे फोटो एकामागून एक येत होते. मी मात्र चहाचा कप घेऊन न्यूट्रॉन मॉनिटरच्या आलेखासमोर बसलो होतो. हे जमिनीवर ठेवलेलं यंत्र असतं. वरच्या हवेत वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, आदळले की न्यूट्रॉन तयार होतात, ते हे मोजतं. आलेखाची रेघ आदल्या दिवशीच खाली घसरली होती, कारण सूर्याकडून आलेल्या ढगाने बाहेरून येणाऱ्या वैश्विक किरणांना अडवलं होतं. त्या खड्ड्याच्या तळाशी, आपल्या घड्याळात साडेसातच्या सुमारास, एक बारीकसा उंचवटा यायला लागला. एक ठिपका वर, पुढचा त्याच्याहून वर. सूर्यावर एक्स ५.८ ची (एक्स हा सर्वात तीव्र वर्ग) ज्वाला ६ वाजून ५३ मिनिटांनी शिखरावर होती. त्या उद्रेकात सुटलेल्या प्रोटॉनची खूण आता जमिनीवर उमटत होती.

सूर्याच्या कणांची खूण अशी जमिनीवर उमटली की त्या घटनेला जीएलई (ग्राउंड लेव्हल एन्हान्समेंट) म्हणतात. १९४२ पासूनच्या यादीत ही ७४ वी. ऐंशी-बयांशी वर्षांत फक्त ७४. त्यामुळे त्या सकाळी माझा चहा निवला, आणि त्याचं मला काहीही वाटलं नाही.

नंतर एका मित्राला हे सांगत होतो. तो म्हणाला, "सूर्य समोर दिसतो. मग कण सरळ येत असतील, त्यात एवढं काय?" हा धागा त्याच्यासाठी आहे. कण सरळ येत नाहीत. ते कसे येतात, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाच्या हातात आलेलं नाही, आणि मला तेच सगळ्यात जास्त ओढून घेतं.

आधी एक घोळ निस्तरू. बातम्यांमध्ये 'सौर वादळ' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. ज्वालेचा प्रकाश आणि क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पोचतात. चुंबकीय द्रव्याचा मोठा ढग, ज्याला सीएमई म्हणतात, तो साधारण एक ते तीन दिवसांनी येतो, आणि ध्रुवीय प्रकाश त्याच्यामुळे दिसतो. या दोन्हींच्या मध्ये, काही मिनिटांपासून काही तासांत, येतात ते ऊर्जावान कण: प्रोटॉन, इलेक्ट्रॉन, थोडे जड आयन. मी फक्त या मधल्या पाहुण्यांबद्दल लिहितोय.

प्रोटॉनवर विद्युतभार असतो, त्यामुळे त्याला चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेतच जावं लागतं. पृथ्वीच्या कक्षेजवळ अवकाशातलं चुंबकीय क्षेत्र ५ नॅनोटेस्लाच्या आसपास असतं. महाराष्ट्रात जमिनीवर हाच आकडा ४० हजारांच्या घरात आहे, म्हणजे ते किती क्षीण ते बघा. तरीही १० एमईव्ही (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेच्या प्रोटॉनला ते पुरेसं आवळून धरतं. त्याच्या गिरकीची त्रिज्या सुमारे ९० हजार किलोमीटर भरते. सात पृथ्व्या ओळीने मांडल्या तर जेवढं अंतर होईल तेवढं. आपल्याला प्रचंड वाटतं, पण सूर्य ते पृथ्वी १५ कोटी किलोमीटरच्या हिशेबात हा प्रोटॉन दोऱ्यात ओवलेल्या मण्यासारखाच आहे. दोरा जाईल तिकडे मणी.

आणि दोरा सरळ नाही. १९५८ मध्ये युजीन पार्कर या शास्त्रज्ञाने दाखवलं की सूर्यावरून सतत वारा वाहतो आणि सूर्याचं चुंबकीय क्षेत्र तो सोबत ओढत नेतो. वारा सरळ बाहेर जातो, पण रेषेचं मूळ फिरत्या सूर्यात रोवलेलं असतं, म्हणून रेषेला पीळ पडतो. शेतातली गोल फिरत पाणी फेकणारी रेनगन आठवा. पाण्याचा प्रत्येक थेंब नळीतून सरळच निघतो, पण एका क्षणी हवेत असलेले सगळे थेंब मनाने जोडले तर वाकडी रेघ होते.

हिशेब वहीत करून बघण्याजोगा आहे. सौरवारा सेकंदाला ४०० किलोमीटर धरला तर पृथ्वीपर्यंत यायला सव्वाचार दिवसांहून किंचित जास्त लागतात. सूर्य दिवसाला साधारण १४ अंश फिरतो. म्हणजे तेवढ्या वेळात साठेक अंश. आत्ता पृथ्वीवरून जाणारी रेषा सूर्यावर जिथे रोवलेली आहे, ती जागा आपल्या समोर नसून पश्चिमेकडे साठ अंशांच्या आसपास आहे. भारतातून दुपारी सूर्याकडे तोंड केलं तर उजव्या हाताला, कडेच्या बऱ्यापैकी जवळ. (गाळणीशिवाय बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.)

म्हणून अगदी समोरच्या ज्वालेपेक्षा उजव्या बाजूची ज्वाला कणांच्या बाबतीत जास्त धोक्याची. २० जानेवारी २००५ ची घटना याचा नमुना. ज्वाला पश्चिमेला ६१ अंशांवर, म्हणजे जवळजवळ बरोबर आपल्या दोऱ्याच्या टोकाशी. दक्षिण ध्रुवावरच्या मॉनिटरची मोजणी काही मिनिटांत कित्येक पटींनी उसळली. उपग्रहांना सूचना द्यायलाही वेळ मिळू नये, इतकं ते झटपट होतं.

आता वेळापत्रक. वळणाची वाट सरळ अंतराच्या साधारण १.२ पट धरू. १००० एमईव्हीच्या प्रोटॉनला ११-१२ मिनिटं, १०० एमईव्हीला २३ मिनिटं, १० एमईव्हीला सत्तरच्या जवळपास, आणि १ एमईव्हीला साडेतीन तासांहून जास्त. यातून एक सुंदर युक्ती निघते. स्वारगेटहून वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या एकाच क्षणी सुटल्या आणि कोल्हापुरात उभं राहून तुम्ही फक्त प्रत्येकीचा वेग आणि पोचण्याची वेळ टिपली, तर गाड्या कधी सुटल्या आणि रस्ता किती लांब होता, हे दोन्ही काढता येतं. अवकाशयानांवरचे शास्त्रज्ञ नेमकं हेच करतात.

पण एखादी गाडी साताऱ्याला चहाला थांबली असेल तर? तर उत्तर चुकतं. आणि कण थांबतात, मागे वळतात, पुन्हा पुढे येतात. हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते २३ फेब्रुवारी १९५६ च्या घटनेत. मायर, पार्कर आणि सिम्पसन या शास्त्रज्ञांनी जगभरच्या मॉनिटरच्या नोंदी एकत्र लावल्या. सुरुवातीचे कण सूर्याच्या बाजूने आले होते, पण थोड्याच वेळात ते सगळ्या दिशांनी यायला लागले आणि ओसरायला तास न् तास लागले. अवकाश रिकामं असतं तर कण आपल्याला ओलांडून निघून गेले असते. पृथ्वीच्या पलीकडे काहीतरी होतं, जे त्यांना परत पाठवत होतं.

इथपर्यंत चित्र नीट आहे: दोरा, मणी, वाटेतले अडथळे. मग ३ नोव्हेंबर २०११ ची घटना येते आणि चित्र विस्कटतं.

त्या वेळी स्टिरिओ नावाची दोन जुळी याने पृथ्वीच्या कक्षेतच, पण आपल्यापासून दोन्ही बाजूंना ९० अंशांहून जास्त दूर गेली होती. सूर्याला तिन्ही बाजूंनी पहारा होता. उद्रेक झाला तो आपल्याकडून बघता सूर्याच्या पाठीमागे. कायद्याने कण स्टिरिओ-ए ला मिळायला हवेत, कारण त्याचा दोरा त्यातल्या त्यात जवळ रोवलेला. त्याला सर्वात आधी मिळालेही. पण पाठोपाठ पृथ्वीजवळच्या विंड यानाला इलेक्ट्रॉन दिसले, मग स्टिरिओ-बी ला. आपला दोरा त्या जागेपासून १४० अंशांहून दूर रोवलेला होता. म्हणजे सूर्याच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला. कुठलाही धागा नसताना ते आपल्याकडे आले कसे?

यावर बोलू या. मला जेवढं कळलंय तेवढं प्रतिसादांत लिहीन.

माळरान

रेनगनचं उदाहरण वाचून लगेच लिहायला बसलो. आमच्याकडे ऊस आणि भुईमुगाला वापरतो. एक सांगतो, मोठी रेनगन ठोके घेत सावकाश फिरते, त्यामुळे तिच्या धारेला वळण फक्त शेवटच्या टोकाला दिसतं. लहान तुषारची तोटी भरभर फिरते. तिच्यात संध्याकाळी सूर्य पाठीमागे असताना बघा, पाण्याची अख्खी कोयरी दिसते. लहानपणापासून बघतोय, पण सूर्याभोवती असंच काही असेल हे आज कळलं.

उत्तरायण

माळरान, कोयरी! यापुढे मी हाच शब्द वापरणार. आणि तुम्ही सांगितलेला फरक शास्त्रात जसाच्या तसा आहे. फिरण्याचा वेग आणि धारेचा वेग यांच्या प्रमाणावर वळण ठरतं. पृथ्वीपाशी रेषा साधारण ४५ अंशांनी वाकलेली असते, मंगळापाशी त्याहून जास्त.

सावनी

लेख आवडला, वाचनखूण साठवली. एक शंका आहे, बाळबोध वाटली तर सांभाळून घ्या. अवकाश तर पोकळी आहे ना? मग कण आपटतात कशावर? मागे वळतात म्हणजे नेमकं काय होतं?

उत्तरायण

सावनीताई, बाळबोध अजिबात नाही. सगळा विषय या प्रश्नावर उभा आहे.

ते कशावरच आपटत नाहीत. पृथ्वीजवळ सौरवाऱ्यात एका घनसेंटिमीटरमध्ये पाच-दहा कण असतात. टक्कर व्हायला ते काहीच नाही. त्यांना वळवतात त्या चुंबकीय रेषेवरच्या सुरकुत्या. सौरवारा शांत वाहत नाही. त्यात लाटा असतात, खळबळ असते, आणि ती रेषेवर बारीक-मोठ्या लहरींच्या रूपात असते.

बोल्ट आणि नट डोळ्यांसमोर आणा. नट आट्यांवरून फिरत पुढे सरकतो. कणही रेषेवर तसाच आटे पाडत पुढे जातो. एका गिरकीत तो जेवढा पुढे सरकतो, तेवढ्याच लांबीची लाट रेषेवर असेल तर दर गिरकीला त्याला त्याच जागी धक्का बसतो. धक्के साचत जातात आणि त्याचा तिरपेपणा बदलतो. बदलत बदलत काही कण उलट तोंड करून सूर्याकडे निघतात. लाटेची लांबी आट्याहून फार मोठी असेल तर कण तिच्याबरोबर नुसता डोलतो, फार लहान असेल तर त्याला ती जाणवतही नाही. जोकिपी या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये या विचाराला गणिताचा पाया दिला.

उलट बाजूने एक शक्ती कणांना सरळ करत असते. सूर्याजवळ क्षेत्र बळकट, दूर जावं तसं क्षीण. बळकटाकडून क्षीणाकडे जाताना कणाची गिरकी सैल होते आणि तो रेषेला समांतर व्हायला लागतो. म्हणजे क्षेत्र त्यांना रांगेत लावतं आणि लाटा रांग मोडतात. आपल्यापर्यंत काय पोचतं, ते या दोघांच्या ओढाताणीवर ठरतं. दोन मोठ्या वळणांमधलं सरासरी अंतर बहुतेक घटनांमध्ये ०.०८ ते ०.३ खगोलीय एकक भरतं, म्हणजे सव्वा कोटी ते साडेचार कोटी किलोमीटर. १५ कोटींच्या प्रवासात कण मोजक्याच वेळा गोंधळतो. म्हणून याला शाईचा थेंब पाण्यात पसरावा तसं निव्वळ विसरण म्हणता येत नाही, आणि सरळ धावही म्हणता येत नाही. दोन्हींच्या मधलं, आणि हिशेबाला म्हणूनच कठीण.

सावनी

नट-बोल्टमुळे एकदम लख्ख कळलं. धन्यवाद!

कुलाबकर

यात मुंबईचा मोठा वाटा आहे, तो इथे यायला हवा. २ सप्टेंबर १८५९ च्या महावादळाची सर्वात मोलाची चुंबकीय नोंद कुलाबा वेधशाळेतली आहे. क्षेत्र जवळपास १६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याचं तिथे टिपलं गेलं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, कारण ट्रामच्या प्रवाहाने सुया बिघडल्या असत्या. आजही अलिबागला मोजमाप चालू आहे. हे कण तेव्हा कुलाब्याला पोचले होते म्हणायचं का?

उत्तरायण

कुलाबकर, ही आठवण काढलीत ते फार चांगलं केलंत. त्या नोंदी माणसांनी यंत्राशी उभं राहून, वेळेवर वेळ घेऊन हाताने लिहिलेल्या आहेत. एवढं वादळ चालू असताना कुणीतरी तिथून हललं नाही, म्हणून दीडशे वर्षांनी जगाला तो आकडा मिळाला.

पण ते काम ढगाचं होतं, कणांचं नाही. तो ढग सुमारे साडेसतरा तासांत पृथ्वीवर येऊन आदळला होता. चुंबकीय सुया ढगामुळे हलतात. ऊर्जावान कणांची संख्या इतकी विरळ असते की त्यांच्याने सुई हलत नाही. शिवाय आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला बरंचसं समांतर असल्याने कणांना ते आडवं येतं. दक्षिण भारतात वरून येणाऱ्या प्रोटॉनला आत शिरायला सुमारे १६ हजार एमईव्ही ऊर्जा लागते. सूर्याचे कण तेवढे तगडे क्वचितच असतात. म्हणून जीएलई बघायच्या तर ध्रुवांकडची केंद्रं. उलट, ढगाने वैश्विक किरण अडवल्याची घसरण आपल्याकडेही छान दिसते. उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची म्युऑन (वैश्विक किरणांमुळे हवेत तयार होणारे कण) मोजणारी दुर्बीण अशा गोष्टींवर डोळा ठेवून आहे.

पल्याड

मी न्यू जर्सीत असते. आईबाबांना दरवर्षी इकडे आणते. मागे एका वाहिनीवर 'विमानात बसलेल्यांना सूर्याचा धोका' असं रात्रभर दाखवत होते, आणि आईने तिकीट रद्द करायला लावलं. तेव्हापासून मला यातलं खरं काय ते समजून घ्यायचं आहे.

उत्तरायण

तुमच्या आईंची काळजी मी समजू शकतो, असं रात्रभर ऐकलं तर कुणीही घाबरेल. खरं एवढंच की कण ध्रुवांजवळ सहज खाली उतरतात, आणि मोठी घटना चालू असताना कंपन्या ध्रुवावरून जाणारी उड्डाणं खालच्या अक्षांशांवर वळवतात. त्याचं एक कारण प्रारण, दुसरं कारण संपर्क. हे प्रोटॉन ध्रुवांवरच्या आयनांबरात, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थरात, घुसले की लघुलहरी रेडिओ गप्प होतो. वर्षातून एकदा प्रवास करणाऱ्याने तिकीट रद्द करावं असं यात काही नाही. विमानात रोजची नोकरी असलेल्यांचा वर्षभराचा हिशेब ठेवणं मात्र रास्त आहे.

जिथे खरंच जीव धोक्यात येतो, ती जागा म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राबाहेरचा माणूस. ऑगस्ट १९७२ मध्ये कणांची फार मोठी घटना झाली. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं, अपोलो १७ डिसेंबरमध्ये निघालं. मधल्या त्या महिन्यात चंद्रावर कुणी नव्हतं, हा निव्वळ योग.

निरभ्र

शिकवण्याच्या निमित्ताने थोडं वाचलंय, म्हणून भर घालतो. धाग्यात सगळे कण एकाच ठिकाणाहून, एकदम सुटतात असं गृहीत धरलंय. पण घटना दोन जातींच्या मानतात ना? एक छोट्या, झटक्याच्या. त्यात ज्वालेपाशीच कण वेग घेतात आणि हेलियम-३ चं (हेलियमच्या हलक्या प्रकाराचं) प्रमाण नेहमीच्या शेकडो पटींनी वाढलेलं असतं. दुसऱ्या मोठ्या, दिवसेंदिवस चालणाऱ्या. त्यात सीएमईच्या पुढे धावणारी आघातलहर कणांना वेग देते. आघातलहर शंभर-शंभर अंश रुंद पसरू शकते. मग ३ नोव्हेंबरचं कोडं सुटलंच की! कण आडवे गेलेच नाहीत, उगमच रुंद होता.

उत्तरायण

निरभ्र, तुम्ही नेमकं वादाच्या ठिणगीवर बोट ठेवलंत. याला नीट उत्तर देतो.

तुम्ही म्हणता ते बऱ्याच अंशी खरं आहे. मोठ्या घटनेत आघातलहर हा चालता-फिरता उगम असतो. ती सूर्यापासून निघते आणि वाटेतला प्रत्येक दोरा कापत जाते, आणि कापेल त्या दोऱ्यावर कण सोडते. म्हणून पूर्वेकडच्या उद्रेकात कण सावकाश चढतात आणि लहर आपल्यापर्यंत येते तेव्हा शिखर गाठतात, तर पश्चिमेकडच्यात भर्रकन चढून हळूहळू उतरतात. आलेखाचा आकार बघूनच उद्रेक सूर्याच्या कुठल्या बाजूला झाला ते बऱ्याचदा सांगता येतं.

३ नोव्हेंबरच्या घटनेत स्टिरिओ-बी चे कण स्टिरिओ-ए च्या मानाने सुमारे ५० मिनिटं उशिरा सुटले, असा स्वारगेट-कोल्हापूर पद्धतीचा हिशेब निघतो. अभ्यासकांनी चित्रांमधून मोजलं, तर सीएमईची कड पसरत पसरत स्टिरिओ-बी च्या दोऱ्याच्या मुळाशी पोचायलाही तेवढाच वेळ लागत होता. इथपर्यंत तुमची बाजू जिंकते. पण पृथ्वीच्या दोऱ्याच्या मुळापर्यंत ती कड त्या वेळी पोचलेलीच दिसली नाही. कण मात्र आले. इतके विसंगत की ते या उद्रेकाचे नसतीलच, अशीही शक्यता त्यांना मांडावी लागली.

आता दुसरी बाजू. सूर्याचा पृष्ठभाग उकळत असतो. तिथे ३० हजार किलोमीटर रुंदीच्या कोशिका तयार होतात आणि दिवसाभरात विरतात. रेषांची मुळं त्यांच्याबरोबर वाहत राहतात. म्हणजे आपण वहीत काढतो तशी स्वच्छ कोयरी खऱ्या अवकाशात नाही. तो विस्कटलेल्या सुताचा गुंडा आहे. शेजारी रोवलेले दोन दोरे पृथ्वीपाशी येईपर्यंत कुठल्या कुठे जाऊ शकतात. कण आपला दोरा न सोडताही दूर पोचतो, कारण दोराच भटकलेला असतो. त्यात लाटांच्या धक्क्यांनी तो अधूनमधून शेजारच्या दोऱ्यावर सरकतो.

मग कण मुक्तपणे आडवे पसरतात म्हणावं, तर एसीई यानाने नोंदवलेली एक गोष्ट आडवी येते. छोट्या घटनांमध्ये कणांची संख्या एकदम शून्याजवळ जाते, काही वेळाने एकदम भरते, पुन्हा कापल्यासारखी संपते. भरलेल्या आणि रिकाम्या नळ्यांचा जुडगा यानावरून सरकत जावा तसं. दोन नळ्यांमधली कड एवढी धारदार राहते, याचा अर्थ कण शेजारी झिरपत नाहीत.

एकीकडे शेजारच्या नळीतही न झिरपणारे कण, दुसरीकडे सूर्याला वळसा घालून आलेले कण. दोन्ही मोजमापं खरी आहेत. मला स्वतःला वाटतं की रुंद आघातलहर आणि भटकलेले दोरे मिळून बराचसा हिशेब लागेल, आणि खऱ्या अर्थाने दोरा ओलांडणं हे उशिरा, कण बराच काळ रेंगाळल्यावर घडत असेल. हे माझं मत झालं. यावर जाणकारांत एकमत नाही.

निरभ्र

धारदार कडांचा मुद्दा मला माहीत नव्हता. म्हणजे 'रुंद उगम' एवढं म्हणून सुटका नाही. पुन्हा वाचतो.

पाऊलवाट

आदित्य-एल१ चा यात काही उपयोग?

उत्तरायण

आहे, आणि थेट आहे. आदित्य-एल१ ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधल्या एल-१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं. पुण्याच्या आयुकाने बांधलेली सूट दुर्बीण आपल्याला जास्त ठाऊक आहे, तिची अतिनील चित्रं देखणी असतात. पण या धाग्याचं यंत्र म्हणजे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचं अ‍ॅस्पेक्स, आणि त्यातला स्टेप्स हा भाग. त्याचे सहा संवेदक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून आहेत. तो सप्टेंबर २०२३ मध्ये, यान अजून पृथ्वीजवळ असतानाच चालू केला होता.

दिशा का महत्त्वाची? सगळे कण एका बाजूने येत असतील तर ते नुकतेच, फारसे न विखुरता आलेत. सगळीकडून सारखेच येत असतील तर त्यांनी खूप भटकंती केलीय. नुसती संख्या मोजून हे कधीच कळत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे उगमाजवळ जाणं. पार्कर सोलर प्रोब हे यान २४ डिसेंबर २०२४ ला सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. तिथे कणांना वाटेत बिघडायला वेळच मिळालेला नसतो.

माळरान

आणि मंगळावर? तिथे तर चुंबकीय छत्री नाही म्हणतात.

उत्तरायण

नाही, आणि हवाही विरळ. २८ ऑक्टोबर २०२१ च्या जीएलईत पृथ्वी, चंद्र आणि मंगळ, तिन्हींच्या पृष्ठभागांवर एकाच घटनेचे कण पहिल्यांदा मोजले गेले. त्या महिन्यात मंगळ सूर्याच्या जवळजवळ पलीकडे होता, ८ तारखेलाच त्याची युती झाली होती. तरी कण दोन्हीकडे पोचले.

आणि मे २०२४ च्या ज्या ज्वालेने धागा सुरू केला, ती सूर्यावरच्या ज्या डागसमूहातून उठली, त्याचीच पुढची गोष्ट. तो समूह सूर्याबरोबर फिरत आपल्या नजरेआड गेला आणि मंगळाच्या समोर आला. २० मे च्या ज्वालेनंतर क्युरिऑसिटी गाडीवरच्या यंत्राने ८१०० मायक्रोग्रे प्रारण मोजलं, छातीचे ३० एक्स-रे एकदम काढावेत तेवढं. गाडीच्या कॅमेऱ्याने त्या वेळी घेतलेली चित्रं मिळाली तर जरूर बघा. राखाडी जमीन, मागे टेकडी, आणि सगळ्या चित्रभर पांढरे ठिपके नि ओरखडे. धुळीचा कण वाटावा असा प्रत्येक ओरखडा म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकातून आरपार गेलेला एकेक कण.

गणिताच्या बाई

मी सहसा फक्त वाचते, पण आज लिहिते. काल नववीच्या वर्गात हा धागा वाचून एक प्रयोग केला. संगणक कक्षातलं फिरतं स्टूल आणलं, त्यावर गोल काळा पुठ्ठा चिकटवला. एका मुलीने स्टूल एका लयीत फिरवलं आणि दुसरीने खडू मध्यावर टेकवून सरळ स्वतःकडे ओढला. हात अगदी सरळ आला, सगळ्यांनी बघितलं. स्टूल थांबवलं तर पुठ्ठ्यावर कोयरी! वर्गात एकदम शांतता झाली. मग मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "बाई, खडू जोरात ओढला तर?" लगेच करून बघितलं. रेघ बरीच सरळ आली. त्याचा पुढचा प्रश्न मला सोडवता आला नाही: "मग वारा जोरात असला तर सूर्यावरची आपली जागा बदलते का?"

उत्तरायण

बाई, बदलते, त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. सूर्याच्या प्रभामंडळात, म्हणजे बाहेरच्या विरळ आवरणात, विवरं असतात, तिथून सेकंदाला ७००-८०० किलोमीटरचा वारा सुटतो. ८०० धरा. पृथ्वीपर्यंत दोन दिवस नि वर थोडे तास, तेवढ्यात सूर्य फिरतो तीसेक अंश. म्हणजे त्या दिवशी आपला दोरा साठ अंशांवर नाही, तिसावर रोवलेला. कालपर्यंत निरुपद्रवी असलेला डाग नुसता वारा बदलल्याने आपल्या दोऱ्याच्या टोकाशी येऊ शकतो. वाऱ्याचा वेग एल-१ वरची याने सतत मोजतात आणि तो आकडा सगळ्यांना खुला असतो. वर्गाला रोज सकाळी तो बघून फळ्यावर अंश लिहायला सांगा: १४ गुणिले १५ कोटी, भागिले वेग, भागिले ८६,४००.